ज्याच्यावर तक्रार, त्याच्याच हातात तपास



१९९७ च्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली म्हणून तालुक्याला झेंडे लागले, लाडू वाटले. त्याच दिवसांत एका ठाण्यात शांतता समितीची बैठक झाली. तिथे मोठ्या साहेबांनी जाहीर केलं, "पोलिसांविरुद्ध कोणाची तक्रार असेल तर सरळ आमच्याकडे अर्ज द्या. निःपक्षपाती चौकशी होईल. मोर्चा, घेराव, संघटना यांची मध्ये गरज काय?" पुढच्या खुर्च्यांवरच्या दुकानदारांनी, सावकारांनी माना हलवल्या.

साहेबांना उत्तर द्यायला पाहिजे. कारण हे बोलणं ऐकून आपलीही काही माणसं म्हणायला लागलीत की खरंच अर्ज देऊन बघावा, मोठा साहेब चांगला दिसतो. साहेब चांगला असेल, आमचं त्याच्याशी भांडण नाही. पण अर्जाचं पुढे काय होतं ते एकदा नीट बघू.

अर्ज कुठून कुठे जातो

आपल्या डोंगरातल्या माणसाला लाठीने मारलं. तो जिल्ह्याला, धुळ्याला गेला. एक दिवस जायला, एक दिवस यायला, गाडीभाडं उसनं. एस.पी. ऑफिसात अर्ज दिला. बारनिशीच्या कारकुनाने नंबर टाकला. साहेबांनी अर्जावर लिहिलं, "डी.वाय.एस.पी. यांनी चौकशी करून अहवाल द्यावा." डी.वाय.एस.पी.ने लिहिलं, "ठाणे अधिकारी यांनी चौकशी करावी." ठाण्याच्या फौजदाराने लिहिलं, "बीट जमादार यांनी चौकशी करावी." आणि बीट जमादार कोण? ज्याने लाठी मारली तोच, नाही तर त्याच्याच खाटेला खाट लावून झोपणारा.

मग जमादार पाड्यावर येतो. "काय रे, माझ्यावर अर्ज केला?" एवढंच विचारतो. पुढचं सगळं त्याच्या डोळ्यांत असतं. पोलीस पाटील मध्ये पडतो, कोंबडं कापलं जातं, बाटली येते, आणि एका कागदावर अंगठा उठतो. त्या कागदावर लिहिलेलं असतं, "गैरसमजातून अर्ज केला होता. आता माझी कोणाविरुद्ध काहीएक तक्रार नाही. जबाब वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे."

कागद जसा उतरला तसाच वर चढतो. जमादाराकडून फौजदाराकडे, तिथून डी.वाय.एस.पी.कडे, तिथून धुळ्याला. शेवटचा शेरा असतो, "अर्जात तथ्य आढळून आले नाही. अर्ज दप्तरी दाखल." मोठ्या साहेबाने खोटं काही केलं नाही. त्याच्यापर्यंत जे आलं त्यावर त्याने सही केली. पण लाठी मारणाऱ्याने लाठी मारली नाही असं स्वतःच लिहून दिलं, आणि ते सरकारी सत्य झालं. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच.

जबाबाच्या भाषेचं बघा. आपली म्हातारी माणसं भिलोरीत बोलतात, पावरीत बोलतात. लिहिणारा मराठीत लिहितो. म्हातारीने सांगितलं की तिच्या पोराला जीपमध्ये टाकताना डोकं फोडलं. कागदावर आलं, "झटापटीत पडून मार लागला." तिला वाचून कोण दाखवणार? आणि वाचून दाखवलं तरी ती भाषा तिची नाही. फौजदारी कायदा सांगतो की तपासात पोलिसाने लिहिलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही. कायदा करणाऱ्यालासुद्धा माहीत होतं की ठाण्यात घेतलेल्या सहीवर भरवसा ठेवता येत नाही. पण अर्जाच्या चौकशीला "तपास" म्हणायचंच नाही, म्हणजे अंगठे घ्यायला मोकळे.

एकाला जीप, एकाला "दिवाणी बाब"

मारहाण सोडा, रोजच्या कामातला पक्षपात बघा. जमीन परतीच्या १९७४ च्या कायद्याखाली आपल्या माणसाला जमीन परत मिळाली, त्याने ज्वारी पेरली. जुना कब्जेदार ठाण्यात गेला की "पीक चोरून नेलं" म्हणून तासाभरात गुन्हा दाखल होतो आणि जीप येते. आपला माणूस गेला की "माझ्या शेतात नांगर घातला, मला हाकललं", तर ठाणे अंमलदार म्हणतो, "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." फार झालं तर अदखलपात्र म्हणून चिठ्ठी हातात देतो. त्याच जीपमध्ये आपल्यासाठी कधीच डिझेल नसतं.

ही दिवाणी बाब नाही हो. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ साली झाला, ३० जानेवारी १९९० पासून लागू आहे. त्याचं कलम ३ स्पष्ट सांगतं की आदिवासीची जमीन बेकायदा कसणं, त्याला त्याच्या जमिनीवरून हुसकावणं, त्याच्या जमिनीच्या किंवा पाण्याच्या हक्कात आडवं येणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. तपास डी.वाय.एस.पी.च्या खालच्या माणसाने करायचा नाही, असं १९९५ च्या नियमांत आहे. आणि कलम ४ म्हणतं की या कायद्याने दिलेलं काम सरकारी नोकराने जाणूनबुजून केलं नाही तर त्यालाही सहा महिने ते एक वर्ष शिक्षा. म्हणजे आपल्याला "दिवाणी बाब" म्हणून परत पाठवणारा स्वतःच आरोपी होऊ शकतो. पण तो गुन्हा नोंदवायचा कुठे? त्याच ठाण्यात. त्याच टेबलावर.

उलट आपल्यासाठी दुसरी कलमं तयार असतात. फॉरेस्ट प्लॉटचा दावा मागायला गोळा झालो की चॅप्टर केस. कार्यकर्ता जास्त बोलला की तडीपारीची नोटीस. नाकेदार पीक उपटायला येतो तेव्हा पोलीस "बंदोबस्ताला" असतात. बंदोबस्त कोणाचा? उपटणाऱ्याचा. निःपक्षपाती माणूस दोघांच्या मध्ये उभा राहतो. हे एका बाजूला उभे राहतात आणि तोंड आपल्याकडे करतात.

बाहेरच्या माणसाने बघितलं की सत्य बदलतं

साहेब म्हणतील, हा आरोप झाला, पुरावा काय? पुरावा सुप्रीम कोर्टाच्याच निकालात आहे. ओरिसात १९८७ साली पोलिसांनी एका बावीस वर्षांच्या पोराला चोरीच्या संशयावरून नेलं. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत रेल्वेच्या रुळाजवळ सापडलं. पोलिसांचा कागद सांगत होता की तो पळून गेला आणि गाडीखाली आला. त्याच्या आईने, नीलाबती बेहेरा यांनी, सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. कोर्टाने चौकशी पोलिसांकडे दिली नाही, जिल्हा न्यायाधीशाकडे दिली. न्यायाधीशाने साक्षी घेतल्या, डॉक्टरांना विचारलं आणि सांगितलं की मार पोलिसांच्या ताब्यात बसला आणि त्यातच तो मेला. १९९३ साली कोर्टाने आईला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. पोरगा तोच, प्रेत तेच, जखमाही त्याच. फक्त बघणारा बदलला, आणि गाडीखाली मेलेला पोरगा पोलिसांच्या मारात मेलेला निघाला. आमचं म्हणणं सगळं एवढंच आहे.

आपल्या महाराष्ट्रातलं देसाईगंज आठवा. २६ मार्च १९७२. एका आदिवासी मुलीला रात्री ठाण्यात थांबवून घेतलं, घरची माणसं बाहेर. तिचं नाव इथे लिहीत नाही, तिने पुष्कळ सोसलं. बाहेर माणसं जमली म्हणून तरी तक्रार लिहिली गेली. हायकोर्टाने दोन पोलिसांना शिक्षा दिली, पण १९७८ साली सुप्रीम कोर्टाने दोघांना सोडलं. का? तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही. ठाण्यात, रात्री, वर्दीपुढे एका मजूर मुलीने ओरडायला पाहिजे होतं म्हणे! पुढच्या वर्षी कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, गावोगाव बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलावा लागला. ती मुलगी खटला हरली, पण तिच्या तक्रारीने देशाचा कायदा बदलला. तक्रार करून काय होतं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आणि नुसता अर्ज पुरे आहे म्हणणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, की बाहेर माणसं जमली नसती तर तक्रार लिहिलीच गेली नसती.

पोलिसांसाठी सरकारने १९७७ साली राष्ट्रीय आयोग नेमला होता, धर्मवीर आयोग. १९७९ च्या पहिल्याच अहवालात आयोगाने सांगितलं की काही बाबतींत पोलिसांनी पोलिसांची चौकशी करून चालणार नाही, न्यायाधीशाकडूनच चौकशी झाली पाहिजे. कोठडीत बलात्काराची तक्रार, कोठडीत मृत्यू किंवा जबर दुखापत, आणि जमाव पांगवताना केलेल्या गोळीबारात दोन किंवा जास्त माणसं मेली तर. १९९७ पर्यंत अठरा वर्षं तो कागद दिल्लीत पडून होता. १९९६ साली प्रकाश सिंह नावाचे निवृत्त पोलीस महासंचालक स्वतः सुप्रीम कोर्टात गेले की या आयोगाचं ऐका. पोलिसांचा वरचा अधिकारीच म्हणतो की घरातलं घर झाडत नाही. मग आम्ही म्हटलं तर आम्ही नक्षलवादी कसे?

त्या शिफारशीतही आम्हाला एक शब्द टोचतो. "दोन किंवा जास्त." १९ नोव्हेंबर १९९३ ला आपल्या अक्राणी तालुक्यात चिंचखेडीला धरणाच्या सर्व्हेसाठी पोलीस आले, गोळी चालली आणि रेहमल वसावे मेला. पंधरा वर्षांचा पोरगा. एकटाच मेला. म्हणजे आयोगाची शिफारस लागू असती तरी तो हिशोबात बसला नसता. डोंगरात माणसं एकेक करून मरतात. आमचा एकही माणूस एक म्हणून मोजला पाहिजे.

माणसं जास्त मेली की आयोग बसतो. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपूरला विधानभवनावर गेलेल्या मोर्चावर लाठी चालली आणि चेंगराचेंगरीत ११४ गोवारी मेले, त्यात बाया आणि लेकरं होती. ११ जुलै १९९७ ला मुंबईत रमाबाई नगरात राखीव दलाच्या गोळीबारात दहा दलित मेले. १९५२ च्या कायद्याखालच्या आयोगाचा अहवाल मानणं सरकारवर बंधनकारक नसतं. तोवर गोळी चालवणारा नोकरीत, आणि मेलेल्याच्या घरचे तारखेला.

साहेबांचे तीन मुद्दे

पहिला मुद्दा, खात्यात शिस्त आहे, खातेनिहाय चौकशी होते. होते. पण ती मालक आणि नोकराच्या मधली गोष्ट आहे. त्यात आपण फक्त साक्षीदार, अहवाल आपल्याला मिळत नाही. शेवटी बदली होते. आपले तालुके तर शिक्षेच्या बदलीचेच! तिकडे कोणाला मारलं म्हणून इकडे पाठवतात, इकडे मारलं म्हणून गडचिरोलीला पाठवतात. ही शिक्षा कोणाला झाली? पोलिसाला की आदिवासीला?

दुसरा मुद्दा, संघटनेची माणसं खोट्या तक्रारी करतात, त्याने पोलिसांचं मनोबल खचतं. खोटी असेल तर ती न्यायाधीशापुढे उघडी पडेल, आम्ही तयार आहोत. खोट्या तक्रारीला शिक्षेचं कलम आहेच, आणि त्याची धमकी रोज मिळते. पण आज खरी आणि खोटी दोन्ही एकाच शेऱ्याने मरतात, "तथ्य आढळले नाही". प्रामाणिक पोलिसाचाही यात तोटा आहे. त्याच्यावर खोटी तक्रार झाली तर तो सुटल्यावरही लोक म्हणणार, त्यांचेच लोक, त्यांनी सोडवला.

तिसरा मुद्दा, पोलीस पण गरिबाचीच पोरं आहेत, तुमची आदिवासी पोरं पण भरतीत आहेत. आम्हाला माहीत आहे. माझ्याबरोबर बारावी झालेली दोन पोरं पोलिसात आहेत. त्यांना रात्रंदिवस ड्युटी, साहेबाच्या घरची कामं, आणि काही बोलायची सोय नाही. आमचं भांडण खाकी कपड्याशी नाही. उलट बाहेरची चौकशी असली तर असल्या पोराला साहेबाला सांगता येईल, "साहेब, हे करायला सांगू नका, उद्या जज्जापुढे मला उभं राहावं लागेल." आज त्याच्याकडे तेवढंही बोट ठेवायला जागा नाही.

डिसेंबरच्या एका आठवड्यातल्या दोन गोष्टी

१९९६ च्या डिसेंबरात एका आठवड्यात दोन मोठ्या गोष्टी झाल्या, त्या अजून पाड्यांवर पोचल्या नाहीत. १८ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाने डी. के. बसू खटल्यात अटकेचे अकरा नियम घातले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. अटकेचा कागद तिथल्या तिथे झाला पाहिजे, त्यावर तारीख, वेळ, आणि घरच्या किंवा गावातल्या जबाबदार माणसाची सही पाहिजे. घरच्यांना कळवलं पाहिजे. दर ४८ तासांनी डॉक्टरची तपासणी झाली पाहिजे. वकिलाला भेटू दिलं पाहिजे. हे नियम प्रत्येक ठाण्यात लोकांना दिसतील असे लावायला सांगितलेत. न पाळणाऱ्यावर कोर्टाच्या अवमानाचा खटला होऊ शकतो. बाजाराला जाल तेव्हा ठाण्याच्या भिंतीकडे बघून या, पाटी आहे का ते आम्हाला कळवा.

आणि २४ डिसेंबर १९९६ ला आदिवासी भागातल्या ग्रामसभेचा कायदा झाला. राज्याने आपला कायदा त्याप्रमाणे एका वर्षात बदलायचा होता. त्याची वाट बघू नका. पाड्याची सभा आजही भरते, वही आजही विकत मिळते.

आपण काय करायचं

१) पाड्याची एक वही ठेवा. पोलीस आले की तारीख, वेळ, जीपचा नंबर, नाव, बक्कल नंबर, कोणाला नेलं, काय बोलले, सगळं त्याच दिवशी लिहा. लिहिता येणारं शाळेतलं पोरगं बसवा. सभेत वाचून दाखवा, आपल्या बोलीत सांगा, मग सह्या-अंगठे घ्या.

२) बाईला किंवा पंधरा वर्षांखालच्या पोराला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, घरीच येऊन विचारायचं आहे. एकट्याने ठाण्यात जाऊ नका, दहा जण जा.

३) अटक झाली की २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं आहे, प्रवासाचा वेळ वेगळा. कोणत्या वेळी नेलं ते म्हणूनच वहीत पाहिजे, कारण कागदावर अटक पुष्कळदा दुसऱ्या दिवशीची दाखवतात. मॅजिस्ट्रेटपुढे गप्प राहू नका. मारलं असेल तर तिथेच सांगा, डॉक्टरी तपासणी मागा. महाराष्ट्राच्या कोठड्यांबद्दलच शीला बरसे यांच्या खटल्यात १९८३ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, की मॅजिस्ट्रेटने स्वतःहून हे विचारलं पाहिजे.

४) फिर्याद घेतली नाही तर ती एस.पी.ला पोस्टाने पाठवा, रजिस्टर, पोच पावतीसह. कार्बन घालून तीन प्रती करा. फिर्याद घेतली तर तिची नक्कल फुकट मिळते, घेतल्याशिवाय उठू नका. एस.पी.नेही काही केलं नाही तर मॅजिस्ट्रेट कोर्टात खाजगी फिर्याद करता येते.

५) दिल्लीला राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आहे, १९९३ पासून. तिकडे मराठीत साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं, फी नाही, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत.  हेही लक्षात ठेवा की आयोग राज्याकडूनच अहवाल मागवतो आणि आयोगाचा स्वतःचा तपास करणारेही पोलीस खात्यातूनच घेतलेले असतात. म्हणून आपली वही त्यासोबत पाठवा. नुसता त्यांचाच कागद पोचला असं होऊ देऊ नका.

६) न समजलेल्या कागदावर अंगठा नाही. कोंबडं-बाटलीवर तक्रार मिटवायची नाही. मिटवायचीच असेल तर ती पाड्याच्या सभेत मिटेल, जमादारासोबत पोलीस पाटलाच्या ओट्यावर नाही.

आपली मागणी

पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची चौकशी पोलिसांकडे नको. जिल्ह्याला न्यायाधीशाच्या हाताखाली वेगळी चौकशी यंत्रणा पाहिजे, आणि तिने तालुक्याला येऊन, आमच्या बोलीच्या दुभाष्यासह, उघड्यावर साक्षी घेतल्या पाहिजेत. ज्याच्यावर तक्रार आहे त्याला चौकशी होईपर्यंत त्या बीटवरून हलवलं पाहिजे. चौकशीचा अहवाल तक्रारदाराला मिळाला पाहिजे आणि गावात वाचला गेला पाहिजे. गोळीबारात एक माणूस मेला तरी न्यायालयीन चौकशी झाली पाहिजे.

हे मिळेपर्यंत अर्ज देणार, आणि अर्जाबरोबर माणसंही येणार. साहेबांना मोर्चाची अडचण वाटत असेल तर उपाय त्यांच्याच हातात आहे. आमची तक्रार अशा माणसापुढे ठेवा ज्याच्या हातात लाठी नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्याने आपली वही आणायची आहे. कोरी असली तरी आणा.

जिंदाबाद!